सोमवारची कबुली

नोव्हेंबरचा पहिला सोमवार होता. बेटाच्या उत्तरेकडच्या लाँसेस्टनला सुट्टी. ब्रॉनविन काम करायची ती बर्नी गावची लायब्ररीही बंद, म्हणून ती गाडी काढून सकाळीच लाँसेस्टनला आईकडे आली, तर आई मागच्या खोलीत संगणकासमोर बसलेली.

“आज तरी ऊठ की गं.”

“काम कुठे करतेय? हेडफोन पुसतेय.” ग्लेंडाने पेडलवरचा पाय काढला. “सुट्टीच्या दिवशी फाइल येतच नाही. ऑफिसला कुलूप आहे.”

एकोणीस वर्षं ग्लेंडा हॉस्किन याच खोलीत डॉक्टरांची पत्रं टाइप करत आली होती. रुग्ण तपासून झाला की डॉक्टर यंत्रात बोलून ठेवायचे; ती फाइल कंपनीमार्फत तिच्याकडे यायची. ती ऐकायची, पेडल दाबून थांबवायची, मागे न्यायची आणि पत्र तयार करायची. पत्राच्या तळाशी डॉक्टरांची आद्याक्षरं, तिरपी रेघ आणि तिची: जीएच.

दुपारी दोघींनी मागच्या अंगणात स्कॅलॉप पाई, शिंपल्यांचा रस्सा भरलेल्या पेस्ट्री, खाल्ल्या. पाईतला रस्सा नेहमीसारखा ब्रॉनविनच्या बाहीवर सांडला.

“चाळीस वर्षांची घोडी झालीस,” ग्लेंडा म्हणाली.

“एकोणचाळीस.”

तेवढ्यात ग्लेंडाचा फोन वाजला. ऑफिस सांभाळणाऱ्या केरीचा होता. शनिवारपासून ती ब्रिडपोर्टला, समुद्राकाठच्या खोपटात मुक्कामाला होती. ती फोनवर इतकी ओरडत होती की ब्रॉनविनलाही सगळं ऐकू आलं. “ग्लेंडा, सहा फ्लॅटहेड मासे! एकटीने पकडले! तू नुसती टाइप करत बस!”

“उद्या आणून दे, मग खरं मानीन,” ग्लेंडा हसत म्हणाली.

फोन ठेवून ती बश्या गोळा करू लागली. मग म्हणाली, “हल्ली फाइली निम्म्याच येतात. जुलैत दक्षिणेकडच्या होबार्टवाल्यांनी कंपनी घेतली तेव्हापासून. डिसेंबरात डॉक्टरांच्या क्लिनिकचं टायपिंगचं कंत्राट पुन्हा निघणार आहे. दुसरे कोणी स्वस्तात मागतायत म्हणे.”

“मग सोड ना. सदुसष्ट झाली तुला.”

“आणि डॉक्टर हार्कनेसचं काय? त्यांचं बोलणं नव्या माणसाला जमायचं नाही. मधेच गप्प होतात. अर्धा अर्धा मिनिट. वाटतं, झोपले बहुतेक. ते कागद चाळत असतात. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं बोलतात.”

“मशीन शिकेल ते,” ब्रॉनविन म्हणाली. तिला परतायची घाई होती.

मंगळवारी सकाळी आईने फोन उचलला नाही. शेजारच्या बाईंना ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली. हृदय बंद पडलं होतं. किटलीतलं पाणी अजून कोमट होतं.

*

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं.

डॉक्टर हार्कनेस यांनी तेवीस ऑक्टोबरला शस्त्रक्रियेसाठी पाठवलेल्या एका महिलेच्या पत्रातून पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद गळाली होती. तिला ते औषध दिलं गेलं. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती, वाचली. पत्राच्या तळाशी अक्षरं होती जीएच. सोमवार, चार नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता श्रीमती हॉस्किन यांना लाँसेस्टन कार्यालयात बोलावून पत्र दाखवलं असता त्यांनी चूक कबूल केली. बैठकीचा वृत्तांत सोबत जोडला आहे. कंपनी हे प्रकरण बंद करत आहे.

ब्रॉनविन ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या मनात पहिला विचार आला: थकली होती. झाली असेल चूक.

मग ती तारीख तिने पुन्हा वाचली.

त्या सोमवारी सकाळी दहाला आई हेडफोन पुसत होती.

वृत्तांताखाली लिहिणाऱ्याचं नाव होतं: केरी लँगहॅम.

*

लाँसेस्टनच्या ऑफिसात केरीच्या टेबलावर दोन प्लास्टिकची झाडं आणि नातवंडांचे फोटो होते. ब्रॉनविनला बघताच ती उठली, मिठी मारायला पुढे झाली; पण हातातला कागद दिसला आणि ती थांबली.

“हे तू लिहिलंस?”

केरीने चष्मा लावला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

“मी? अगं, त्या दिवशी मी ब्रिडपोर्टला होते. तुला माहितीये!”

“माहितीये. मग तुझं नाव कसं आलं?”

“माझ्या नावाने आत शिरलं असेल कोणी. संगणकात.”

“कोण कोण शिरू शकतं?”

“तिघं. मी. प्रू, माझ्या गैरहजेरीत काम वाटायला.” केरीने दाराकडे बघून आवाज खाली आणला. “आणि लॅकलन डोव्ह. होबार्टचे साहेब. त्यांच्याकडे सगळ्यांच्याच किल्ल्या.”

प्रू पलीकडच्या टेबलावर टाइप करत होती. तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. ऐकू येत होतं तर सगळं.

“माझ्याकडे बघू नकोस,” ती म्हणाली. “तुझ्या आईचं माझं पटायचं नाही, कबूल. चांगल्या फाइली तिला आणि कान किटतील अशा मला. पण मेलेल्या बाईवर ढकलायला मी काही इतकी खाली गेलेले नाही.”

“त्या सोमवारी तू कुठे होतीस?”

“घरी. गवत कापत होते. सुट्टीला माणूस काय करतं?”

ब्रॉनविनने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग केरीकडे वळली.

“क्लिनिकची तक्रार कधी आली?”

“शुक्रवारी. एक तारखेला, संध्याकाळी. आम्ही निघून गेल्यावर. मी मंगळवारी आले तेव्हा वाचली, आणि तासाभरात ग्लेंडाचं कळलं. मी लॅकलनला फोन केला. ते म्हणाले, तू रड, मी बघतो तक्रारीचं.”

“तेवीस ऑक्टोबरची ती फाइल आईला कोणी पाठवली होती?”

केरीने टेबलावरचे कागद सारखे केले.

“केरी.”

“माझी अजून तीन वर्षं आहेत गं निवृत्तीला.”

“मी तुला काही करायला सांगत नाही. फक्त विचारतेय.”

केरी खुर्चीत बसली. बराच वेळ तिने नातवंडांच्या फोटोंकडे पाहिलं. मग संगणकावर काहीतरी उघडलं, कागद छापला आणि ब्रॉनविनच्या हातात दिला.

*

बैठक क्लिनिकमध्येच झाली, गुरुवारी सकाळी. ब्रॉनविनच्या विनंतीवरून डॉक्टर हार्कनेस यांनी ती बोलावली होती; केरीही आली होती. ते उंच, वाकलेले गृहस्थ होते. ब्रॉनविनचा हात हातात घेऊन ते काही बोलतील असं वाटलं, पण बोलले नाहीत.

लॅकलन डोव्ह होबार्टहून गाडी चालवत आला होता. चाळिशीतला, नीटनेटका. आवाज मऊ.

“तुमचं दुःख मी समजू शकतो,” तो म्हणाला. “खरं तर आम्ही हे सगळं शांतपणे मिटवलं होतं. तुमच्या आईंच्या नावासाठीच.”

“त्या बैठकीला तुम्ही होता?”

“नाही. केरीने घेतली. मला नंतर वृत्तांत मिळाला.”

“मी नाही घेतली,” केरी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

लॅकलनने तिच्याकडे खेदाने पाहिलं. “केरी, तू त्या आठवड्यात फार हललेली होतीस. आठवत नसेल.”

“तुम्ही स्वतः त्या दिवशी कुठे होता?” ब्रॉनविनने विचारलं.

“होबार्टच्या ऑफिसात. आठ ते पाच. मीटिंगवर मीटिंग. दहा जण सांगतील.”

“म्हणजे तुमच्यासाठी तो रोजच्यासारखा कामाचा सोमवार होता.”

“अर्थात.”

“आमच्यासाठी नव्हता.”

तो काही कळलं नाही असा बघत राहिला. प्रथम डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

“नोव्हेंबरचा पहिला सोमवार,” ब्रॉनविन म्हणाली. “बेटाच्या उत्तरेला सुट्टी असते, दक्षिणेला नसते. तुमची सुट्टी फेब्रुवारीत, बोटींच्या शर्यतीची. त्या दिवशी लाँसेस्टनचं ऑफिस बंद होतं. आई माझ्यासमोर बसली होती. केरी ब्रिडपोर्टला मासे धरत होती. तिथूनच तिने फोन केला, मी ऐकला. प्रू गवत कापत होती. या शहरातलं कोणीही खोटी बैठक रचायला बसलं असतं, तर त्या दिवसाची रचली नसती.”

“ही तारखेची चूक असेल. टाइप करताना...”

“दुसरी तारीख तुमच्याकडे नव्हतीच. तक्रार शुक्रवारी संध्याकाळी आली. मंगळवारी सकाळी आई गेली. कबुली घ्यायची तर मधला कामाचा दिवस एकच, सोमवार. तुम्ही होबार्टला बसून कॅलेंडर पाहिलं. तुमच्या कॅलेंडरवर तो काळ्या अक्षरात होता. जुलैत कंपनी घेतलीत. इथला नोव्हेंबर तुम्ही अजून पाहिलाच नव्हता.”

केरीने डोळ्यांवरचा चष्मा काढला.

“मी असं का करीन?” लॅकलनने विचारलं. आवाज अजून मऊच होता.

“सांगते. आधी हे ऐकू या. डॉक्टर?”

क्लिनिक प्रत्येक फाइलची मूळ ध्वनिफीत तीन महिने ठेवत असे. डॉक्टरांनी तेवीस ऑक्टोबरची लावली. त्यांचाच थकलेला आवाज: रुग्णाचं वय, पोटातलं दुखणं, शस्त्रक्रियेची विनंती. ‘आपला विश्वासू.’ मग शांतता.

शांतता लांबत गेली. भिंतीवरच्या घड्याळात ब्रॉनविनने अडतीस सेकंद मोजले. कागद चाळल्याचा बारीक आवाज. आणि मग: “हां, आणि वरती, ठळक अक्षरात. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी.”

“गेलेलं पत्र ‘आपला विश्वासू’पाशी संपतं,” ब्रॉनविन म्हणाली. “ज्याने ते टाइप केलं त्याला वाटलं, फाइल संपली. नव्या माणसाला वाटणारच. पण आईने हे गप्प बसणं संपण्याची एकोणीस वर्षं वाट पाहिली होती. ती शेवटपर्यंत ऐकायची.”

“एखाद्या दिवशी चुकतं माणूस.”

“चुकतं. मलाही आधी तसंच वाटलं.” ती थांबली. “म्हणून केरीने मला ही यादी दिली. तेवीस तारखेला आईकडे अकरा फाइली गेल्या. ही त्यात नाही. पण त्या दिवशी जीएच लावून क्लिनिकला चाळीस पत्रं पोचली. बाकीची एकोणतीस तुमच्या खात्यातून देशाबाहेर गेली आणि तुमच्याच खात्यातून परत आली. खाली अक्षरं आईची.”

डॉक्टर हार्कनेस पुढे झुकले. “आमच्या करारात स्पष्ट लिहिलंय, मिस्टर डोव्ह. पत्रं या बेटावरच टाइप होतील. रुग्णांना आम्ही तसा शब्द दिलाय.”

“आणि दर मात्र स्वस्तातला हवा!” लॅकलनचा आवाज पहिल्यांदा चढला. “दुसरे लोक अर्ध्या दरात मागतायत, तुम्ही त्यांच्याशी बोलता, मग मला फोन करून विचारता की अजून किती कमी करता! इथल्या बायकांकडून त्या दरात होतं का ते? मी बाहेर काम दिलं नसतं तर ते ऑफिस सप्टेंबरातच बंद झालं असतं. हिची नोकरी,” त्याने केरीकडे बोट दाखवलं, “मी वाचवली!”

“आणि वृत्तांत?” डॉक्टरांनी विचारलं.

लॅकलनने समोरचा वृत्तांत उलटा करून ठेवला.

“ती गेलीच होती,” तो अखेर म्हणाला. “तिचं त्यात काय बिघडणार होतं?”

केरी उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

“मला दोन गोष्टी हव्यात,” ब्रॉनविन म्हणाली. “त्या बाईंना लेखी कळवा की ते पत्र माझ्या आईने लिहिलं नव्हतं. आणि ज्याने लिहिलं, कुठेही असेल, त्याला कामावरून काढू नका. डॉक्टर मधेच थांबतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.”

“पत्र मी लिहीन,” डॉक्टर म्हणाले. “आजच. त्या माणसाचं मात्र माझ्या हातात नाही. या कंपनीशी आमचा संबंध आज संपतो.”

केरीने काचेवर कपाळ टेकलं. मागे न वळताच ती म्हणाली, “ठीक आहे. ठीकच आहे ते.”

*

निघताना डॉक्टर तिला गाडीपर्यंत सोडायला आले.

“दहा वर्षांपूर्वी तुमच्या आईंचा मला फोन आला होता,” ते म्हणाले. “म्हणाल्या, ‘डॉक्टर, माझं हे काम नाही, पण या एका माणसाबद्दल तीन डॉक्टरांनी तीन पत्रं केली, तिघांनी वेगवेगळं दुखणं लिहिलं, आणि तिघांनीही ओझरतं म्हटलं की वजन उतरलंय. तुमचं आपसात बोलणं होतं का?’ होत नव्हतं. आम्हा तिघांचं ऐकणाऱ्या एकट्या त्याच होत्या. वेळेत सापडला कॅन्सर. तो माणूस अजून दर वर्षी सफरचंदांची पेटी आणून देतो.” ते थांबले. पुष्कळ वेळ थांबले. ब्रॉनविनने वाट पाहिली. “त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच.”

“नाही,” ब्रॉनविन म्हणाली.

दुपारी ती आईच्या घरी गेली. मागच्या खोलीत ऊन पसरलं होतं. संगणक, पेडल, हेडफोन सगळं कंपनीने नेलं होतं. टेबल आणि खुर्ची तेवढी उरली होती. गालिच्यावर पेडलच्या जागी चौकोनी, गडद डाग होता, आणि त्याच्या मागे दोन टाचांनी झिजवलेल्या खळग्या.

ती स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आली. खुर्चीच्या बाजूला ठेवून त्यावर बसली. बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र सुरू होतं. ते थांबेपर्यंत तिने वाट पाहिली.

मग रिकाम्या खुर्चीकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, “आई, आज दिवसभर काय काय ऐकलंस? सांग ना. मला कुठे जायचं नाहीये.”