दिल्ली ते सांबरा, अडीच तास

सकाळी सात वाजता निपाणीच्या घरात प्रियदर्शनीवर एकच काम सोपवलं गेलं. रविराजमामा दिल्लीहून किती वेळात पोहोचेल, ते मोबाइलवर बघून सांगायचं. पहाटे तिचे आजोबा, मारुतीराव आप्पा, गेले होते. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी मुलानेच घालायचं, असा तिच्या आईचा, सुनंदाचा, हट्ट होता.

"दिल्ली ते बेळगाव हवाई अंतर चौदाशे किलोमीटर," प्रियदर्शनीने वाचलं. "अडीच तास."

"एवढंच व्हय!" शेजारचे आण्णाप्पा काका म्हणाले. "मग बर्फाची पेटी कशाला? माघारी पाठवा ती."

अडीच तास फक्त हवेतले होते. विमान दुपारी दोनला सुटणार होतं आणि बेळगावच्या सांबरा विमानतळापासून पुढे निपाणीपर्यंत दीड-दोन तासांचा रस्ता. तिला सगळं ठाऊक होतं. पण दारात एवढे पुरुष बसलेले; ती मोबाइल घेऊन आत गेली. पेटीचा टेम्पो वळून गेला.

मे महिना होता. वर तापलेला पत्रा. तीनपर्यंत वास सुटला. आधी गोडसर, मग माळ्यावर उंदीर कुजल्यासारखा. उदबत्तीच्या धुरात तो आणखी चिकट झाला. आप्पांच्या नाकातला कापूस पिवळा होऊन ओलावला. माश्या त्यावरून उठायच्या आणि बसलेल्या बायकांच्या ओठांवर टेकायच्या.

"सुनंदाआक्का, उचलूया आता," नाकाला टॉवेल लावून काका म्हणाले. "भाईर माणसं ओकायला लागलीत."

"दादानं पाणी घातल्याबिगर न्हाय."

"मामाला अजून तीन तास लागतील," प्रियदर्शनी कशीबशी बोलली. "मी सकाळी पुरतं सांगितलं नाही, काका... माझं चुकलं."

"आता सांगतीस व्हय गं?"

आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती फक्त आप्पांच्या आणखी जवळ सरकून बसली.

तीन वाजून वीस मिनिटं. मोबाइलवरचं विमान वाटेच्या मध्यावर होतं. तेवढ्यात खोलीत आवाज आला... घट्. पुन्हा... घट्, घट्. तहानलेला माणूस पितो तसा. आप्पांच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली आणि ओठांच्या कोपऱ्यातून तपकिरी पाणी उशीवर ओघळलं.

"पोटातला वारा असतोय त्यो," काका म्हणाले. पण ते उठून बाहेर गेले, ते आत आलेच नाहीत.

साडेसहाला मामा आला. उंबऱ्यावरच थांबला. शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत ओली.

"दादा, ये की... पाणी घाल," आई म्हणाली.

"घातलं."

"कुठं?"

"विमानात." मामाचा आवाज खाली गेला. "शेजारच्या सीटवर आप्पा बसलेले... सारखं पाणीच मागत हुते. मी पाजलं. मग उठून मागं गेले. सीटवर हे ऱ्हायलं."

त्याने रुमाल उलगडला. आत कवळी होती. दातांच्या फटींत तंबाखूचा काळा चोथा, वर लाळेची तार.

"सकाळी मीच बसवली की तोंडात..." आईने आप्पांच्या तोंडावरचा कपडा बाजूला केला. गाल पार आत गेले होते.

कवळी घ्यायला कुणीच हात पुढे केला नाही. शेवटी मामाने ती प्रियदर्शनीच्या तळहातावर ठेवली.

बुळबुळीत होती. आणि अजून कोमट.