सतरा नंबरची स्लाइड

सतरा नंबरच्या स्लाइडवर जंतू होते, पण कवच नव्हतं. एवढ्याशा गोष्टीपायी एक बाई दगावली होती आणि दुसरीची नोकरी जायच्या बेतात होती.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला आणि काच उजेडात धरली. काचेच्या पाठीला काजळीचा पुसट डाग होता. त्यांनी वही उघडली. माणसं काय म्हणतात ते डाव्या पानावर आणि वस्तू काय म्हणतात ते उजव्या, अशी त्यांची रीत. डावं पान नेहमी आधी भरायचं. काजळी उजवीकडे गेली.

हकिकत साधी होती. कपडे शिवून घर चालवणारी एक बाई छातीच्या तापाने दाखल झाली. थुंकीत जंतू सापडले. भोवती कवच असेल तर ते घातक, नसेल तर घशातले नेहमीचे पाहुणे. प्रयोगशाळेच्या साहेबांनी दुपारी बाराला वॉर्डात फोन केला की, मला तरी नेहमीचेच दिसतात, भारी औषध थांबवा, कवच दिसलं तर कळवतो. कवचाची स्लाइड रंगवायचं काम प्रयोगशाळेतल्या ताईंचं. पुढे फोन गेलाच नाही. पहाटे बाई गेली.

साहेबांचं म्हणणं, कवच दिसलंच नाही तर कळवणार काय? ताईंनी रंगवताना घोळ घातला असणार. ताईंचं म्हणणं, कवच होतं आणि चार वाजता साहेबांना दाखवलंही होतं. स्लाइडच्या पेटीच्या किल्ल्या दोनच, एक यांच्याकडे, एक त्यांच्याकडे. साक्षीदार कोणी नाही.

अधिकारी बाईंनी आधी ताईंना बसवलं.

"कशी रंगवलीत?"

"थेंब पसरला, हवेत सुकवला. जांभळा रंग घातला आणि मोरचुदाच्या पाण्याने धुतला."

"आच दाखवली?"

"नाही हो. आच लागली की कवच आक्रसतं."

"नळाखाली धरली?"

"साध्या पाण्याने कवच धुऊनच जातं, मॅडम. मोरचूद घेतात ते त्यासाठीच. मग जंतू जांभळा दिसतो आणि भोवती फिकट निळं कडं."

"चुकून विसरला असाल."

"एकोणीस वर्षं करतेय. घराला कुलूप लावायला विसरेन एक वेळ."

मोरचुदाची बाटली फळीवरच होती. तिच्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर रोजच्या पातळीची रेघ, तारीख आणि शेजारी साहेबांची सही. मागे एकदा बाटली अचानक रिकामी सापडली, तेव्हा साहेबांनीच हा नियम काढला होता. रोज संध्याकाळी ताई रेघ मारत, साहेब न बघता सही करत. सही मात्र फ्रेम करून लावावी अशी. आधीचे पाच दिवस रेघ जागची हलली नव्हती. सतरा नंबर रंगवली त्या दिवशीची अर्धं बोट खाली होती. नोंदवहीप्रमाणे त्या दिवशी कवचाची तपासणी एकच, सतरा नंबरची.

जाता जाता त्यांनी हजेरीवही चाळली. साहेब एरवी अकराच्या आधी उगवत नसत. बाई गेली त्या सकाळी आठला हजर होते.

साहेबांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि ताईंबद्दल बराच वेळ हळहळ व्यक्त केली. कष्टाळू आहे बिचारी, पण वय झालं. आपण स्वतः दहा वर्षांत एकही काच रंगवलेली नाही, कागदांतून मान वर काढायला फुरसत नसते, हेही सांगून झालं.

"चूक नेमकी कुठे झाली ते मला मांडायचंय," अधिकारी बाई म्हणाल्या. "योग्य रीत तुमच्या तोंडून आली तर बरं."

साहेब खुलले. "सोपं आहे. थेंब पसरायचा, सुकवायचा, बर्नरच्या ज्योतीवरून तीनदा फिरवायचा. रंग घालायचा, नळाखाली धुवायचा."

"कवचासाठीसुद्धा?"

"स्लाइड म्हटली की हेच."

अधिकारी बाईंनी ते लिहून कागद पुढे सरकवला. साहेबांनी सवयीने सही केली.

"खात्यात येण्याआधी बारा वर्षं मी स्लाइडच रंगवत होते," कागद घडी करत त्या म्हणाल्या. "साध्या स्लाइडची ही रीत बरोबर आहे. कवचाची स्लाइड याच रीतीने मरते. पेटीतली सतरा नंबर अशीच मेलीय. पाठीला काजळी आहे, म्हणजे आच दिलीय, तीही बर्नरची हवा न उघडता, धुरकट ज्योतीवर. मोरचुदाचा मागमूस नाही. पण त्या दिवशी मोरचूद वापरलं गेलं, रेघेशेजारी तुमची सही आहे. म्हणजे स्लाइड दोन होत्या. ताईंची तुम्ही नाहीशी केलीत. दुसरी सकाळी आठला, ताई यायच्या आत, उरलेल्या थुंकीतून बनवलीत. हाताला जे आठवत होतं तेच त्याने केलं."

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. "चार वाजता कळवायला मी फोन उचलला होता," ते म्हणाले. "वॉर्डातला डॉक्टर कालचा पोरगा. त्याला काय सांगणार, मी चुकलो?"

"हो. तेवढंच सांगायचं होतं."

बाहेर बाकावर ताई बसल्या होत्या. नोकरी राहिली, हे ऐकून त्यांनी मान डोलावली, जणू दुसऱ्याच कोणाची बातमी होती.

"तिच्या नवऱ्याला कोण सांगणार?"

"मी. आत्ताच निघतेय."

"मग हेही सांगा," ताई म्हणाल्या. "कवच पहिल्यांदा मी पाहिलं होतं. वॉर्ड वरच्याच मजल्यावर आहे. फोन करणं साहेबांचं काम, म्हणून मी हात धुतले आणि घरी गेले."

अधिकारी बाईंनी वही उघडली. हे कोणत्या पानावर लिहायचं ते त्यांना ठरवता येईना.