जिराफाजवळची जागा

हे लिहितेय तेव्हा दुपारचे तीन वाजलेत आणि शांभवी पलंगावर झोपलीय. पलंगावर, भिंतीकडेला, अलीकडून उशी लावून. जमिनीवर मी तिला झोपू देत नाही. सासूबाई म्हणतात, तुझं आपलं काहीतरीच. असेल. लहानपणापासून माझं काहीतरीच असतं.

सुरुवात एका टेपपासून झाली. धारूरच्या बाजारातून, जाकीर टेलरकडून मी एक जुना टेप मागून आणला. शाळेतला कुणीतरी मध्येच कातरला होता, आणि महारुद्र सरांनी मला पहिलं काम दिलं होतं ते मुलांची उंची मोजायचं. आरोग्य कार्डावर भरायला.

शाळा धारूरहून आठ किलोमीटरवर, घाटाच्या खालच्या वस्तीत. दोन खोल्या, पहिली ते चौथी, तेवीस मुलं. मुख्याध्यापक आणि शिक्षक एकच, महारुद्र सर. आणि मी, सहा महिन्यांची प्रशिक्षणार्थी. डी.एड. करून पाच वर्षं घरी बसलेली. सरांनी माझा नेमणुकीचा आदेश वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"प्रशिक्षणार्थी म्हणजे शिक्षक नव्हे. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं आपोआप येतं." मग त्यांची नजर माझ्या पदराला धरून उभ्या असलेल्या शांभवीवर गेली. ती तेव्हा नुकती तीन वर्षांची झाली होती. "ही शाळा आहे मॅडम. पाळणाघर नाही."

"सर, घरची सगळी दुकानात असतात. ही एका जागी बसून राहते, त्रास नाही देत."

"तुमची मर्जी."

हे 'तुमची मर्जी' त्यांनी असं म्हटलं, की माझी मर्जी मलाच चोरीची वाटायला लागली.

मुलंही सरांवर गेलेली. मला 'सहा महिन्याची बाई' म्हणायची, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. मी फळ्यावर लिहायला वळले की मागं शांतता पडायची. खोडकर मुलांची असते तशी नाही. वाट बघणाऱ्यांची असते तशी.

भिंतीवर कुणी पूर्वी जिराफ रंगवलेला होता, मानेवर सेंटिमीटरचे आकडे. मुलं एकेक करून पाठ लावून उभी राहत, मी डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढी, पुढं नाव आणि तारीख. आकडे बरोबर आहेत का ते आधी जाकीरच्या टेपनं ताडून पाहिले. माझा भिंतीवरसुद्धा विश्वास बसत नाही. उंची द्यायला मुलांना फार आवडतं. टाचा उचलतात, श्वास कोंडतात. तेवढ्यापुरती ती माझ्याशी बरी वागली.

चौऱ्याण्णववर एक जुनी रेघ होती. खोल दाबून ओढलेली, पुढं नाव नाही. कुणीतरी लिहायचं विसरलं असेल म्हणून मी सोडून दिली. सगळ्यात शेवटी शांभवीला उभी केली. ब्याण्णव. त्या बिननावाच्या रेघेखाली मोकळी जागा होती, तिथं तिचं नाव लिहिलं.

"तिचं नाव पटावर न्हाई, मग भिंतीवर कावून?" चौथीतला परमेश्वर म्हणाला.

"हौस," मी म्हटलं.

तो हसला नाही.

दुपारी शांभवीला झोप यायची. खोली लहान, पण मुलं दाराच्या बाजूला एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटून बसत, आणि जिराफाखालची जागा रिकामी राही. फरशी गार, वारा लागणारी. मला वाटलं, काय छान जागा सापडली. तिथं सतरंजी अंथरून मी तिला झोपवू लागले. सरांनी एकदा दारातून सतरंजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत. नंतर मला वाटलं, एक शब्द बोलायला काय जात होतं त्यांचं?

दिवाळीनंतर शांभवीचा फ्रॉक घोट्याच्या खाली उतरायला लागला. वाढत्या अंगाचा घेतलेला होता. दोन महिन्यांपूर्वी घोट्याच्या वर बसत होता. मी म्हटलं, धुऊन सैल पडला. मग चपला पायातून निसटायला लागल्या. मी म्हटलं, पट्टा गेला. सगळ्या आया म्हणतात, कपडे पुरत नाहीत. मला मात्र कपडे उरायला लागले होते. शेवटी तिला जिराफाशी उभी केली.

एक्क्याण्णव.

टेप ताणला गेला असेल, मीच आधी चुकले असेन. पुढच्या आठवड्यात पुन्हा. साडेएकोणनव्वद. ती बिननावाची रेघ मात्र आता चौऱ्याण्णववर नव्हती. साडेशहाण्णववर होती. खाली जुनी खूणसुद्धा नाही. रेघच वर सरकली होती.

नवऱ्याला सांगितलं. वीरेश दुकानात वजनकाटा पुसत होता. म्हणाला, "पोरं कमी होतात का गं कुठं? डोळे तपासून घे." डॉक्टरांनी रक्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. मला.

खिचडी शिजवायला अजमतबी यायच्या. साठीच्या, फटकळ, चुलीच्या धुरानं डोळे कायम लाल. शाळेत माझ्याशी धड बोलणारं तेवढं एकच माणूस, आणि तेही शिव्या घालत. त्यांनी शांभवीला उचलून मांडीवर घेतलं आणि हात थांबवला.

"ये माय... कुठं झोपवतीस हिला?"

मी सांगितलं.

"डीएड का काय केलंस ना गं तू? तेवीस लेकरं ज्या जागी बसत न्हाईत, तिथं तुला गारवा दिसला?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ओलांडलंय हिला कुणीतरी."

ही गोष्ट मला माहीत होती. आमच्या घरी कुणी झोपलेल्या पोराला ओलांडलं की आजी ओरडायची, 'परत ओलांड, वाढ खुंटेल.' ज्यानं ओलांडलं त्यानंच उलटं ओलांडायचं. आम्ही हसत परत उडी मारायचो. मी शिकलेली, मला हसू यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शांभवीला झोपवलं आणि मुलांना म्हटलं, "कुणी हिला ओलांडलं असेल तर परत ओलांडा. मी रागावणार नाही."

 परमेश्वर पुढं आला, पण फरशीच्या एका जोडाशी थांबला.

"आमी न्हाई बाई. आमी त्या जागी जातच न्हाई. आमाला ठाऊक हाय तिथं कोण हाय."

"कोण आहे?"

"सहा महिन्याच्या बाईला सांगून काय उपेग?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी हसली. एकदम हसली, एकदम थांबली.

त्या दुपारी मी सतरंजीभोवती खडूची पूड पसरली आणि मुलीवर नजर ठेवून बसले. वारा नव्हता. खोलीत हळूहळू उसाच्या वाळल्या पाचटाचा वास भरला. त्या वस्तीत ऊस नाही, कोस कोस नाही. मग पाचटावरून कुणी अनवाणी चालावं तसा आवाज... करकर... करकर... शांभवीनं झोपेत अंग आखडून घेतलं. मी धावले. पुडीत पावलं उमटली होती, माझ्या हाताच्या पंजाएवढी. भिंतीकडून सतरंजीपर्यंत चार. सतरंजीपलीकडे, दाराकडे, तीन.

सरांना विचारलं. त्यांनी हजेरी बंद केली. "जी मुलं पटावर नाहीत त्यांच्याबद्दल शाळेत बोलायचं नाही."

"सर, मी कुठल्या मुलाचं नाव घेतलेलं नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "दोनदा चुना मारलाय त्या रेघेवर," एवढंच म्हणाले, आणि उठून गेले.

नाव अजमतबींनी सांगितलं. कडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून ठेवलेलं नाव, म्हणजे हिला तरी कुणी नेणार नाही. पहिलीतली, पण शांभवीसारखीच बारीक. दुपारी ती डोकं टेकून झोपली की पोरं तिला ओलांडायची. रांगेनं. 'बुटकीला अजून बुटकी करा' म्हणत. परत कुणी ओलांडायचं नाही.

"सर बघायचे की. पोरांचा खेळ हाय म्हनायचे. ती रोज भितीला उभी ऱ्हायची, माझी उंची घ्या, माझी उंची घ्या... एक दिवस मीच रेघ मारली चाकूच्या टोकानं. दिवाळीनंतर मायबापासंग गेली उसाला. माघारी मायबापच आले."

 अजमतबींनी चुलीवर पाणी मारलं. ओल्या राखेचा वास बराच वेळ राहिला.

"मग आता?"

"बोलव तिला. दाराकडून भितीकडं आली पायजे. पोरगी एकटी ठेव मधी. ध्यानात ठेव, एकटी. तू बाजूला हो."

शनिवारी शाळा सकाळची. साडेअकराला मुलं गेली, सर केंद्रावर बैठकीला गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, बोरीच्या झाडाखाली शेळ्या बसल्या होत्या. अजमतबी उंबऱ्याबाहेर माझ्याकडे पाठ करून बसल्या. "मी न्हाई आत येत. पोरं तिला ओलांडायची तवा मी बी हसलते."

मी शांभवीला सतरंजीवर झोपवलं. टेप हातात घेतला. बाजूला व्हायला उठले, तर तिनं माझं बोट धरलेलं होतं. घट्ट, झोपेतच. आता मला सांगा, कुठली आई ते बोट सोडवून घेईल? घेणारी असेल एखादी. मला जमलं नाही. मी तिच्या शेजारी आडवी झाले, तिला पोटाशी घेतलं, डोळे मिटले आणि म्हटलं,

"कडू... ये. तुझी उंची घ्यायची राहिलीय."

शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा थांबल्या. पाचटाचा वास इतका जवळून आला की घशात गेला. करकर... करकर... दाराकडून. पायाशी आवाज थांबला. कुणीतरी विचार करत उभं राहावं तसा. मग माझ्या तोंडावरून काहीतरी गार सरकलं, परकराचा काठ घासून जावा तसं. तिच्यावरून आणि माझ्यावरून. एकाच ढांगेत.

पुढच्या क्षणी माझ्या हातातला टेप ताणला गेला. भिंतीकडून. टाचा उचलून, श्वास कोंडून कुणीतरी उभं होतं.

मी डोळे उघडले नाहीत. टेप हातातून सुटून जाईपर्यंत उघडले नाहीत.

शांभवीला उठवून जिराफाशी उभी केली. ब्याण्णव. पुरते ब्याण्णव! मी रडले, अजमतबी मला रडूबाई म्हणून स्वतः रडल्या. आत यायला मात्र त्या तयार नव्हत्या. दारातूनच त्यांनी सतरंजी पाहिली. शांभवीच्या अंगाखालच्या सुरकुत्या, आणि त्यांच्या शेजारी माझ्या.

"तू बी झोपलतीस?"

"हो."

"माय गं..." त्या म्हणाल्या. "पोरीचं तिनं उलटं केलं. पर तुझ्यावरनं ती पहिल्यांदाच गेली की."

सोमवारी पाहिलं तर भिंतीवरची बिननावाची रेघ नव्हती. अजमतबींना विचारलं, तिला पुन्हा बोलवू का, या वेळी भिंतीकडून दाराकडे, मी एकटी झोपते. त्यांनी मान हलवली. "बोलवून बघ. पर शाळंत असंल तर येईल ना." मी तीन शनिवार झोपून पाहिलं. पाचटाचा वास आला नाही. मुलं आता जिराफाखाली बसतात, पाय पसरून. परमेश्वर मला 'मॅडम' म्हणतो. सहा महिने संपले, मी घरी आले.

शांभवी सत्त्याण्णव झाली आहे. फ्रॉक पुन्हा घोट्याच्या वर बसतो. याच्यापुढं मला काही म्हणायचं नाही, हे आधी लिहून ठेवते.

मला एक घाणेरडी सवय आहे. रात्री टिकली काढली की आरशावर चिकटवायची, कपाळ जिथं दिसतं तिथंच. सासूबाई चिडतात. आरसा भिंतीला पक्का ठोकलेला, तो हलत नाही. त्यावर टिकल्यांची एक ओळ झालीय, आणि ती ओळ उतरती आहे. सगळ्यात वरची त्या शनिवारच्या आदल्या रात्रीची. कालची तिच्यापेक्षा चार बोटं खाली. वीरेश परवा म्हणाला, "चपला बदलल्यास का गं? आधी माझ्या खांद्याला लागायचीस."

आरशाशेजारी, भिंतीवर, खालच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा आहेत, शांभवीच्या नाहीत. पहिली चौऱ्याण्णववर. मग एकावर एक, चार बोटं वरपर्यंत. टिकल्या खाली येतायत, रेघा वर जातायत, त्या कुठं भेटतील हे गणित चौथीचं आहे. परमेश्वरला घातलं तर पाच मिनिटांत सोडवेल. मी घातलं नाही.

प्रत्येक रेघेपुढं तारीख आहे. शाळेत मी लिहायचे तशीच, महिना अक्षरी, खाली छोटी रेघ. अक्षर माझं आहे.

आज सकाळी पाहिलं, सगळ्यात वरच्या रेघेपुढं पहिल्यांदाच नाव लिहायला जागा सोडलीय.