गाडी ब्याडा

विमानानं नांदेडवर तीन घिरट्या घातल्या, खालचा अवकाळी पाऊस बघितला आणि रात्री नऊला ते आल्या वाटेनं हैदराबादला परत आलं. आता सकाळी सहाला नेतो, विमानवाले म्हणाले. निम्मे प्रवासी कुरकुरत रात्रीची बस धरायला निघून गेले. अर्धापूरचा दयानंदही पिशवी उचलून निघाला होता… पण काचेकडच्या बाकावर, भल्या मोठ्या पेटीला टेकून एकटीच बसलेली एक मुलगी त्याला दिसली, आणि स्वारी पुन्हा खाली बसली.

तीस वर्षांचा केळी बागायतदार. व्यापाऱ्यांशी तासन्‌तास घासाघीस करायचा, पण मुलीशी बोलायचं म्हटलं की याच्या तळहाताला घाम फुटायचा. तरी तासाभरानं धीर करून उठला. घरून नेलेल्या केळ्यांतली दोन उरली होती, ती तिच्यासमोर धरली.

"घ्या की. घरच्या बागेतली हायेत."

ती अर्धवट झोपेत होती. डोळे न उघडताच पुटपुटली, "ब्याडा."

दयानंद जागीच थिजला. "येडा? मला येडा म्हन्ल्या का तुमी?"

तिनं डोळे उघडले. आधी गोंधळली, मग हसू आवरता आवरेना. "अहो, येडा न्हाई, ब्याडा! आम्ही उदगीरचे, घरात कानडी बोलतो. ब्याडा म्हणजे नको."

"आन पायजे असलं तर?"

"बेकु."

"मग बेकु म्हना की. आमच्या केळीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"बेकु," ती म्हणाली, आणि दोन्ही केळी उचलली.

तिचं नाव वर्षाराणी. चेन्नईत, ऐकू न येणाऱ्या लेकरांना बोलायला शिकवायची. आता नोकरी सोडून लातूरला स्वतःचं केंद्र काढायचं म्हणून कायमची परत निघाली होती. दयानंद केळीच्या खोडातून धागा काढायचं यंत्र बघून येत होता. त्यानं त्या यंत्राबद्दल अर्धा तास सांगितलं आणि तिनं ते ऐकून घेतलं… एवढ्यावरूनच त्यानं काहीतरी ओळखायला हवं होतं!

मग रात्र कशी सरली ते दोघांनाही कळलं नाही. एकाच चार्जरवर आळीपाळीनं फोन लावले. सरकत्या पट्ट्यावरून उलटं चालायची शर्यत लावली, ती वर्षाराणी जिंकली, आणि रखवालदाराची बोलणी मात्र दयानंदनं खाल्ली. गारठा वाढला तसा त्यानं गळ्यातला गमजा काढून पुढे केला.

"ब्याडा?" त्यानं विचारलं.

"बेकु," ती म्हणाली, आणि गमजा खांद्याभोवती घट्ट ओढून घेतला. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली.

पहाटे तीनच्या सुमारास त्यानं हळूच विचारलं, "नांदेडहून कशा जानार?"

"अप्पा गाडी पाठवतील."

"माझी जीप तिथंच लावलेली हाय. उदगीरला सोडतो की. माझ्या वाटंवरच पडतंय."

वर्षाराणीनं भुवया उंचावल्या. "अर्धापूर नांदेडच्या वर, उदगीर खाली. कोणत्या वाटंवर पडतंय हो?"

"मला… फिरून जायची सवय हाय."

"बघू सकाळी," ती हसून म्हणाली, आणि गमज्यात तोंड खुपसून झोपली.

दयानंदला कुठली झोप! ती जीपमध्ये बसली तर आणखी तीन तास मिळणार होते. नाही बसली, तर विमानतळाच्या दारात नमस्कार की सगळं संपलं. तिचा नंबर मागायची याची छाती नव्हती, हे त्याला स्वतःलाच पक्कं ठाऊक होतं.

सकाळी आभाळ धुऊन निघालेलं होतं. नांदेडला उतरल्या उतरल्या वर्षाराणीनं घरी फोन लावला. दयानंद मागेच होता. त्या भराभर कानडीतले त्याला चारच शब्द कळले. "अप्पा… अर्धापूर… गाडी… ब्याडा." आणि वर पुन्हा एकदा, ठासून, "ब्याडा!"

त्याचं तोंड उतरलं. मुकाट्यानं तिची पेटी ओढत बाहेर आणली आणि दारात उभी केली. समोरच त्याची जीप लावलेली होती. "येतो मग. अप्पांची गाडी येईलच तुमच्या."

"कोणाची गाडी?"

"कळतंय मला. अर्धापूरची गाडी ब्याडा म्हन्ल्या न्हवं तुमी?"

ती अशी हसली, अशी हसली की टॅक्सीवाले वळून बघायला लागले. "दोन शब्द शिकवले तर अख्खी कानडी कळायला लागली का तुम्हाला? अहो, अर्धापूरचे हायेत सोडायला, तुमची गाडी ब्याडा, असं म्हणले मी अप्पांना!"

दयानंदच्या कानशिलापर्यंत लाली चढली. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे त्याला कळलं. "एक सांगू? रात्री बसनं गेलो असतो मी. तुमी दिसल्या म्हनून थांबलो. वर्षाराणी… मला… म्हंजे तुमी मला…"

"वाक्य पुरं करा. माझी लेकरंसुद्धा पुरं बोलतात."

"तुमी… बेकु."

तिची नजर खाली गेली. गमज्याचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तसं नसतं म्हणायचं," ती हळूच म्हणाली. "नीनु बेकु. म्हणजे… तू हवास."

"नीनु बेकु," तो शहाण्या लेकरासारखा म्हणाला. "आता बरोबर?"

"मी शिकवत नव्हते," वर्षाराणी म्हणाली, आणि जीपचं पुढचं दार उघडून आत जाऊन बसली.