पिवळी चिठ्ठी आणि हिरवी गाडी

भर दुपारी पावसाची सर आली आणि रस्त्याच्या कडेला तिला एक माणूस दिसला, उघड्या गाडीत छत्री धरून बसलेला. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने मागचं कापडी टप ओढतोय… आणि टप जागचं हलेल तर शपथ!

आता ती पडली कुशनच्या दुकानातली. गाड्यांच्या सीटा आणि टपं शिवायची हाच तिचा नि तिच्या दादाचा धंदा. टपाचे असले हाल तिला बघवेनात.

"अहो, फाडताय का आता? आधी मागची कडी काढा!"

"कुठली कडी?"

"सरका जरा."

ती सरळ आत चढली, कडी काढली आणि दोन झटक्यांत टप पुढे आणून बसवलं. बाहेर धो धो पाऊस, आत दोघंच, आणि त्याच्या चष्म्यावरून ओघळणारं पाणी.

"चष्मा तरी पुसा."

"पुसायला कोरडं काही उरलंच नाही," तो इतका गंभीरपणे म्हणाला की तिला फस्सकन हसू आलं. तिने पिशवीतून कापडाचा तुकडा काढून दिला. त्याने काचा पुसल्या, चष्मा लावला आणि तिच्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ.

"काय झालं?"

"काही नाही, धंद्याची सवय. चष्म्याचं दुकान आहे माझं. काच पुसली की समोरचं नीट दिसतंय का ते बघावं लागतं."

"मग? दिसतंय?"

"अगदी स्वच्छ."

कान गरम झालेले लपवायला तिने सीटवरून हात फिरवला. गाडी अठ्ठावीस वर्षांची, बाटलीसारखी हिरवी. शिवण उसवलेली, टपाला तीन ठिकाणी ठिगळं, पण इंजिनचा आवाज कसा खणखणीत! नऊ वर्षं तिने लोकांच्या अशा गाड्यांची टपं शिवली होती. स्वतःच्या गाडीचं टप उघडून एकदा तरी वारा प्यायचा, हे तिचं वेड कुणालाच ठाऊक नव्हतं.

"गाडी आत्याची आहे," तो म्हणाला. "विकायचीय."

झालं! पोरीचा जीव तिथेच अडकला. गाडीत की गाडीवाल्यात, ते त्या दिवशी तिलाही सांगता आलं नसतं.

आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. तिचे डोळे तपासून "आता गाडी चालवायची नाही" असं भाच्यानेच सांगितलं होतं, त्यावर ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. विकायची अटही तशीच खास. किंमत ती सांगणार नाही. घेणाऱ्याने एक आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि रविवारी चार वाजता द्यायचा. घासाघीस नाही, दुसरी चिठ्ठी नाही.

"ऐंशी हजार लिही," दादा म्हणाला. "वर एक छदाम नको. आणि पैसे साठवलेस ते माल पोचवायच्या व्हॅनसाठी, हवा खायला नाही!"

"बघते रे नीट तपासून," ती म्हणाली.

आणि तपासणी सुरू झाली. सोमवारी टायर. मंगळवारी ब्रेक. बुधवारी पुन्हा टायर, कारण सोमवारी म्हणे उजेड कमी होता! विमानाची होत नसेल एवढी तपासणी त्या गाडीची झाली. चष्मेवाला रोज दुकान बंद करून किल्ली घेऊन हजर. गुरुवारी तिने टपाचं माप घेतलं, तेव्हा टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं.

"अजून घेतली नाही, तोवर मापं?"

"टपाला खर्च किती येईल ते नको कळायला?" तिने दुकानाच्या पिवळ्या वहीत भराभर लिहिलं. तो वाकून बघायला लागला, तसा तिने कागद टरकन फाडून घडी केली आणि पिशवीत टाकली.

"गुपित आहे?"

"धंद्याचं!"

तेवढ्यात जुन्या गाड्यांचा दलाल आला. त्याने टपाकडे पाहिलंही नाही. बॉनेटवर टकटक करून म्हणाला, "सुटे भाग चांगले जातील." म्हणजे हा गाडी मोडीत काढणार!

शनिवारी ती चष्म्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. "दलाल किती लिहिणार आहे? तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. पण सांगणार नाही."

"नुसता इशारा…"

"आत्याला मग तोंड कसं दाखवू?" तो कळवळून म्हणाला. "बसा इथे."

त्याने तिला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं, भिंगं घालायची ती जड फ्रेम नाकावर ठेवली. त्याची बोटं कानाला पुसटशी लागली…

"सांगा, मनात कुठले आकडे घोळतायत?"

"टप धड असतं तर गाडी एक लाख सत्तरची. नव्या टपाचा बाजारभाव तीस हजार. तो वजा केला तर एक लाख चाळीस." ती अडखळली. "पण टप तर मीच शिवणार. मला लागेल फक्त कापड, आठ हजारांचं. म्हणजे… एक लाख बासष्ट."

"पहिलं स्पष्ट दिसतंय की दुसरं? घाई नाही."

ती समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली. चाळीस म्हटलं की मान आपोआप खाली जात होती.

"दुसरं."

"मग तेच लिहा."

"आणि हरले तर?"

"तर…" त्याने फ्रेम काढली. ती वाट बघत राहिली. "तर दलाल घेईल," तो म्हणाला आणि स्वच्छ असलेलंच भिंग पुसायला लागला.

ती तणतणत घरी आली. दगड आहे दगड! गाडी गेली की उद्यापासून त्याला भेटायला कुठल्या तोंडाने जाणार, हे त्या शहाण्याला कळू नये? तरी पिवळ्या वहीचं पान फाडून तिने आकडा लिहिला आणि घडी पिशवीत टाकली.

रविवारी चारला तिने आत्याच्या हातात पिवळी घडी ठेवली. दलालाची चिठ्ठी आधीच टेबलावर होती. चिठ्ठ्या उघडेपर्यंत तिला थांबवेना, ती तशीच बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत आली, रुमालासाठी पिशवीत हात घातला… आणि हाताला पिवळी घडी लागली. उघडली. एक लाख बासष्ट हजार.

मग आत्याकडे काय गेलं?

अरे देवा. मापाचा कागद! आणि त्यावर खाली काय लिहिलं होतं ते आठवलं, तशी ती चपला हातात घेऊन पळत सुटली.

दार उघडंच होतं. आत्याला बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून भाचा मोठ्याने वाचत होता. "मागची बाजू अठ्ठेचाळीस इंच. कडेला दुहेरी शिवण. रंग तोच हिरवा, आत्यांना आवडेल. मागच्या सीटपाशी आत्यांसाठी पायरी, चढायला त्रास नको." तो थांबला. त्याचा आवाज बदलला. "शेजारची सीट… चष्मेवाला. पाठीशी दोन इंच जास्त फोम. दिवसभर वाकून काम करतो."

"पुढे वाच," आत्या म्हणाली.

"पुढे… एवढंच आहे."

"चूक झाली!" ती दारातून धापा टाकत म्हणाली. "ही खरी चिठ्ठी. दुसरी चालत नाही ठाऊक आहे, पण…"

आत्याने मान वर केली. "दलालाने एक लाख पंचाहत्तर लिहिलेत. तुझे किती?"

"बासष्ट," ती पुटपुटली. "पण ते खरे आहेत."

आत्याने तो पिवळा कागद हातात घेतला. "अठ्ठावीस वर्षं चालवली मी तिला," ती म्हणाली. "दलालाच्या चिठ्ठीत पैसे आहेत, गाडी कुठेच नाही. हिच्या चिठ्ठीत आकडा नाही, पण मला बसायला जागा आहे. बासष्टला दिली. आणि नियम माझा होता, तो मोडायचाही मीच!"

तिला एवढं हलकं वाटलं की ती तिथेच दाराच्या पायरीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. चष्मेवाला शेजारी येऊन बसला.

"काल मी एक वाक्य अर्धं सोडलं," तो हळूच म्हणाला. "हरलात तर… मी तुमच्या दुकानात रोज एक उशी शिवायला टाकणार होतो. घरात माणसं दोन, पण उशा शंभर झाल्या असत्या."

"मग काल बोलला का नाहीत?"

"आकडा माझ्यामुळे बदलला असता. घाबरलो."

"वेडेच आहात!" तिने डोळे पुसले. मग त्याचा चष्मा अलगद काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. "आता सांगा. गाडी की मी? पहिलं स्पष्ट दिसतंय की दुसरं?"

तो तिच्याकडे बघत राहिला… जरा जास्तच वेळ.

"पहिलं आहे कुठे?" तो म्हणाला.

आतून आत्याचा आवाज आला, "अरे, ती कडी काढायला तरी शिकलास का? चला, टप उघडा! पाऊस थांबलाय."