उघाडीवरची हाक

दर रविवारी सकाळी प्रमिला गंगाआत्याच्या डोक्याला तेल लावायची. कामोठ्याच्या फ्लॅटची बाल्कनी, खाली रिक्षांचा कलकलाट, आणि पाटावर पाय पसरून बसलेली पंचाहत्तरीची आत्या. टाळूवर बोटं गेली की टणक उंचवटा लागायचा. चुंबळीची जागा. मिठागरात राबलेल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर ती असायचीच. वर्षानुवर्षं चुंबळीवर मिठाची पाटी वाहिल्यावर कातडी राठ होणारच. प्रमिला पनवेलच्या लॅबमध्ये तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली. लोकांच्या गाठी ओळखणं हेच तिचं काम. आणि घरच्या गाठीवर तिने चुंबळीची जागा समजून दोन वर्षं खोबरेल चोळलं.

मग एका रविवारी ती जागा बोटांखाली मऊ लागली, आणि ठोके देत होती.

गाठीतून सुईने काढलेल्या पेशी प्रमिलाच्याच टेबलावर आल्या. कवटीच्या हाडात तिला थायरॉइडच्या पेशी दिसल्या, नीट गोल धरून बसलेल्या. गळा वरून अगदी साळसूद होता. कॅन्सर तिथून निघून थेट डोक्यावर जाऊन बसला होता.

"क्वचित असंही होतं," डॉक्टर म्हणाले. "गाठीत रक्तवाहिन्या फार, म्हणून ठोके. पण या पेशी कितीही लांब गेल्या तरी मूळचं काम विसरत नाहीत. आयोडिन ओढून घेतात. त्याचाच फायदा घ्यायचा."

आधी गळ्यातली ग्रंथी काढायची, मग किरणोत्सारी आयोडिन पाजायचं. ते गाठीपर्यंत पोचून तिला जाळेल. त्याआधी काही दिवस आयोडिन असलेलं नेहमीचं मीठ बंद, मासळी बंद.

"जल्मभर मीठ वायलं, आन् आता मिठालाच बंदी!" आत्या हसली. "बरी मस्करी हाय गो."

प्रमिलाला हसू आलं नाही. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. तिची वेणी घातली, शाळेत धाडलं, लग्न लावलं ते आत्याने. आत्या गेली तर प्रमिलाला जगात 'पमे' म्हणणारं कोणी उरणार नव्हतं, आणि हा विचारसुद्धा तिला सोसत नव्हता.

ऑपरेशननंतर आत्या घरी आली. प्रमिलाने सवयीने एक हात मनगटाच्या नाडीवर ठेवला, दुसरा टाळूवर. ठोके जुळेनात. मनगट भरभर चाललं होतं, टाळू सावकाश. शिवाय गाठ काही तास फुगायची, मग काही तास बसायची. आत्या पडल्या पडल्या म्हणायची, "भरती लागली."

प्रमिलाने चार दिवस वेळा वहीत टिपल्या. मोबाइलवर मुंबई बंदराच्या भरतीच्या वेळा काढून शेजारी लिहिल्या. गाठ रोज बंदरातल्या भरतीनंतर पाऊण तासाने भरत होती. हिशेब चुकला असणार, असं म्हणून ती चहा ठेवायला उठली, आणि ओट्याशीच थांबली. बंदरात भरती लागली की पाऊण तासाने पाणी आपल्या मिठागराला येतं, हे तिला लहानपणीच पाठ होतं. त्या खाडीवर भराव पडून आता बारा वर्षं झाली होती. वरून चौपदरी रस्ता गेला होता.

तिने वही मिटली. पण मिठागर काही डोक्यातून जाईना. हिवाळ्यातल्या सकाळी, डोळे दिपवणारे मिठाचे ढीग, बांधावर बसून खाल्लेली भाकरी आणि भाजलेला बोंबील. बांधात उघाडी होती, पाणी अडवणारी लाकडी झडप. उधाणाला ती उचलली की खाडी आत शिरायची. उचलायचं काम आत्याचं. पण आधी ती आतल्या प्रत्येक बाईला नावाने हाक मारायची. बाईने 'ओ' दिली म्हणजे ती वर बांधावर आली. ओ आल्याखेरीज पुढचं नाव नाही, आणि सगळ्या ओ आल्याखेरीज उघाडीला हात नाही.

"गोदू!" त्या दिवशी आत्याने हाक मारली होती. गोदू म्हणजे प्रमिलाची आई. ती खालच्या चरात गाळ काढत होती. बांधावर खेळणाऱ्या पमीला चेष्टा सुचली. तिने आईचा आवाज काढला.

"ओ!"

आत्याने उघाडी उचलली.

ओ कोणी दिली होती ते दोघींनाच ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षांत आत्या त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती बोलली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं प्रमिलाला फार वेळा वाटलं होतं.

आयोडिन पाजल्यावर आत्याला इस्पितळातल्या बंद खोलीत एकटीला ठेवलं. किरणांमुळे जवळ जायची बंदी. बाहेरच्या लहानशा खोलीत कॅमेऱ्याचा पडदा, बोलायला इंटरकॉम, आणि प्रमिलाला एक खुर्ची. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, वहीतल्या हिशेबाने खाडीच्या भरतीला, पडद्यावर आत्या उठून बसली. तिने डोक्यावर हात ठेवला.

"सुमती!"

प्रमिलाने मान वर केली. मिठागरातली सुमतीकाकी जाऊन वीस वर्षं झाली होती.

आत्या थांबली. कान देऊन ऐकलं. मान डोलवली.

"कुमुद!"

थांबली. मान डोलवली.

"शोभा!"

इंटरकॉममधून आत्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. दुसरं काही नाही. तरी आत्या नाव घेई, थांबे, आणि मगच पुढचं नाव घेई.

"गोदू!"

या वेळी आत्या खूप वेळ थांबली. प्रमिलाने इंटरकॉमला कान लावला. दे ना ग ओ, आई. एकदा तरी तू स्वतः दे.

आत्याचा चेहरा उजळला. तिने मान डोलवली.

प्रमिला रडत होती.

"पमे!"

आता उत्तर द्यायचं, बस्स. आत्या बोलावतेय. आईही तिथे आहे. प्रमिलाने इंटरकॉमचं बटण दाबलं, ओ द्यायला गेली.

ओठ उघडेनात.

"पमे गो!"

तिने जोर लावला. जबडा दुखला. घशातून हुंकारसुद्धा बाहेर पडेना.

आत्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. प्रमिलाकडे नाही, तिच्या खांद्यामागे, जरा वर.

"बरं, गोदू," आत्या मायेने म्हणाली. "पमी बांधावरच हाय. ऱ्हाऊ दे."

मग तिने दोन्ही हातांनी हवेत काहीतरी उचललं. इंटरकॉममधून भिजलेलं लाकूड करकरलं. त्यामागून पाणी आलं, पुष्कळ पाणी.

आत्या उशीवर आडवी झाली. पडद्यावर तिची छाती हलायची थांबली. प्रमिलाचे ओठ सुटले, आणि ती ओरडली. सिस्टर धावत आली.

तासाभराने सिस्टरने तिला तोंड धुवायला बेसिनपाशी नेलं. प्रमिलाने नळ सोडला आणि आरशात पाहिलं.

डाव्या गालावर चार बोटांचे ठसे, उजव्यावर अंगठ्याचा, मागून कोणी तोंड दाबून धरावं तसे. पांढरे, वाळलेले.

तिने ओठांवरून जीभ फिरवली. मिठागरातलं मीठ होतं, जाडं, जरा कडवट. तिने नळ बंद केला.