थरथरली की थांब, सोपान!

सोपान कधी चुकत नसे. बुद्धिबळात तो सायलीआत्याला हरवी, पोळ्या गोल लाटी आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता. मग आत्याची जुनी निळी गाडी त्याच्या हातात आली की आचका देऊन बंद का पडायची, हे कोडं काही केतकीला सुटेना.

आणि ते आज सुटायलाच हवं होतं. आता बहुतेक गाड्या आपोआप चालत. क्लचच्या गाडीला रस्त्यावर राहायचं तर दरवर्षी चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघून दाखवावं लागे. नाहीतर ती थेट भंगारात! नेमका आत्याचा डावा पाय, म्हणजे क्लचचाच, प्लास्टरमध्ये. म्हणून यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) सोपान चालक झाला होता. तपासणीच्या चढाखालीही गाडी आचके खात होती.

"बाबांनी मला हिच्यातच शिकवलं गं," आत्या म्हणाली. जगभर विज्ञानाची व्याख्यानं देणारी आत्या अशी रडवेली झालेली केतकीला बघवेना.

"आत्या, हा क्लच करतो तरी काय?"

आत्याचा चेहरा खुलला. शिकवायला मिळालं की ती सगळं विसरे. "सोपान, उजवा तळहात गरगर फिरव. हे इंजिन. त्याला थांबवलं की ते बंद पडतं. डावा तळहात स्थिर आणि जड ठेव. ही उभी चाकं. आता दोन्ही जुळव."

फट्! दोन्ही हात अडकून थांबले.

"बंद पडलं इंजिन! आता हळूच टेकव."

या वेळी तळहात आधी नुसतेच घासले, मग डावा रेंगाळत फिरू लागला आणि शेवटी दोन्ही एका वेगाने फिरले.

"गरम झाले," सोपान म्हणाला.

"होणारच. हे घर्षण (दोन पृष्ठभाग घासताना सरकण्याला होणारा विरोध). क्लचमध्ये अशाच चकत्या असतात. पेडल दाबलं की सुटतात, सोडलं की जुळतात. उगाच अर्ध्यावर रेंगाळलं तर झिजतात."

सोपानने पुन्हा गाडी सुरू केली. केतकी त्याच्या पायाकडेच बघत होती. पाय हळू, हळू वर आला आणि एकदम उडाला. आचका!

"अरे, मध्येच पाय का उचललास?"

"गाडी थरथरली. थरथर म्हणजे बिघाड. त्यातून चटकन बाहेर पडायचं, असं मला शिकवलंय."

केतकीने कपाळावर हात मारला. विजेच्या, न थरथरणाऱ्या गाड्यांची सवय असलेल्याला कळणार तरी कसं? "वेड्या, चकत्या जुळू लागल्याची खूण आहे ती! थरथरली की तिथेच पाय थांबव."

त्यांची पाळी आली. चढाच्या मध्यावर तपासनीस बाईंनी हात दाखवला. गाडी थांबली, हँडब्रेक लागला. सोपानचा पाय हळूहळू वर आला. इंजिनाचा आवाज खाली गेला, सीट थरथरली. पाय थांबला! मग जरासा ॲक्सिलरेटर, हँडब्रेक खाली, आणि गाडी तसूभरही मागे न सरकता अलगद वर निघाली.

माथ्यावर सोपानने इंजिन बंद केलं. "केतकी, अजून थरथर जाणवतेय. कुठे बिघाड?"

"बिघाड नाही रे, आत्या रडतेय," केतकी हसत म्हणाली.

आत्याने डोळे पुसले. "अवकाशात दोन यानं जोडतानाही आधी वेग जुळवतात, मग अलगद टेकतात, बरं का."

"मग ती मी जोडणार!" केतकी म्हणाली.

"जोडशील. अठरा वर्षांची झालीस की आधी ही चालव," म्हणत आत्याने गाडीची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "तोवर तूच सांभाळ."